भट्टूचा पत्ता

"थांबा! कोणी पान उलटवू नका!"

उन्नती इतक्या जोरात ओरडली, की पीयूषच्या हातातला पन्ह्याचा ग्लास हिंदकळला आणि निखिलच्या तोंडातला टोस्ट अर्धा आत, अर्धा बाहेर असा अडकून राहिला.

"काय झालं वो? पाल पडली का?" पीयूषने शर्टवरचं पन्हं झटकत विचारलं.

"पाल नाही. कान!"

"कोणाचा कान?"

"भट्टूचा!"

मे महिन्यातल्या बुधवारची सकाळ होती. भिलाईच्या सेक्टर पाचमधल्या त्या क्वार्टरच्या व्हरांड्यात आठच्या आत ऊन येऊन बसलं होतं आणि कूलरची घरघर सुरू झाली होती. उन्नती नुकतीच सहावी पास झाली होती. पीयूष तिचा आतेभाऊ. तो दुर्गच्या मोहन नगरात राहायचा, नववीत जायचा आणि त्यामुळे आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी त्याची समजूत होती. सुट्टीला तो मामाकडे आला होता. निखिल शेजारच्या क्वार्टरमधला, दहा वर्षांचा. तो खेळायला म्हणून यायचा, पण यायचा नेमका नाश्त्याच्या वेळी.

आणि भट्टू? भट्टू हा एक बोका होता.

'इस्पात सवेरा' या हिंदी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी खाली, रोज तीन चौकटी छापून यायच्या. त्या चौकटींत भट्टू राहायचा. राखाडी, गोलमटोल, भट्टीच्या उबेला झोपणारा. गेली तेहतीस वर्षं तो रोज येत होता आणि तेहतीस वर्षांत त्याने एक शब्दही उच्चारला नव्हता. कधी त्याला कॅन्टीनच्या दुधाच्या पातेल्यापर्यंत पोहोचायचं असे, कधी कोणाच्या तरी डब्यातला मासा हवा असे, तर कधी नुसती शांत झोप. यातलं काही त्याला मिळत नसे. शेवटच्या चौकटीत तो आपटलेला, भिजलेला किंवा लटकलेला असे आणि सरळ वाचणाऱ्याकडे बघे. रागाने नाही हं! 'तुमचंही असंच होतं ना?' एवढंच त्या नजरेत असे. रात्रपाळी करून आलेली माणसं आधी भट्टू बघायची आणि मग चपला काढायची.

"दाखव मले," खुर्चीत बसलेले आबाजी म्हणाले.

आबाजी म्हणजे उन्नतीचे आजोबा, केवलराम. पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती, पण भट्टूच्या बाबतीत ते अजून ड्यूटीवर होते. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक भट्टू कापून त्यांनी जाडजूड रजिस्टरांत चिकटवला होता आणि प्रत्येकाखाली लाल पेनाने तारीख घातली होती. उन्नतीला चित्र कसं बघायचं हे त्यांनीच शिकवलं होतं. ते म्हणायचे, "पहिल्या चौकटीत तो ठरवते, तिसरीत तो पडते. दुसरीत काहीच होत नाही, म्हणून लोक ती धावत ओलांडतात. तू तिथंच थांबत जा बाई. खरा भट्टू दुसऱ्या चौकटीत असते."

उन्नती आज तिथेच थांबली होती. दुसऱ्या चौकटीत भट्टू कूलरसमोर डोळे मिटून बसला होता आणि त्याचे दोन्ही कान अगदी धड होते!

"तान्ह्या पोळ्याला तो लाकडी बैलावर बसला होता, आठवते का आबाजी? बैल उलटला, डावा कान फाटला. तेव्हापासून त्याचा कान नेहमी फाटकाच असते!"

"सन दोन हजार अकरा," आबाजी पुटपुटले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. "कालच्या चित्रात?"

उन्नतीने कालचा पेपर ओढला. काल कान फाटका. परवा धड. तेरवा पुन्हा फाटका!

"काढणारा विसरला असेल," पीयूष म्हणाला.

"तुझ्या नाकावर तीळ आहे हे तुझी आई कधी विसरते का?" उन्नती म्हणाली.

"मंग कान एका रात्रीत शिवला का कोणी?" निखिलने टोस्ट गिळून विचारलं.

"शिवला नाही. ही चित्रं जुनी आहेत! कोणीतरी जुने भट्टू नवे म्हणून छापून राहिलं!"

मग आबाजी उठले आणि त्यांनी लोखंडी कपाटाची किल्ली काढली.

त्या दिवशी दुपारभर तिघे जमिनीवर पालथे पडून रजिस्टरं चाळत होते. चित्रात कूलर आहे म्हणजे उन्हाळा, कान धड म्हणजे अकरा सालाच्या आधी, अशी उन्नतीने वाट काढून दिली. तरी वीस उन्हाळे होते!

"मिळाला!" साडेतीनला निखिल किंचाळला. "नऊ मे, दोन हजार सहा! सेम टू सेम!"

संध्याकाळपर्यंत यादी तयार झाली. मेच्या एक तारखेपासून आजपर्यंतचे पंधराच्या पंधरा भट्टू जुने होते. आबाजींनीही ते चिकटवले होते, पण त्यांना वाटलं होतं, आपलेच डोळे थकले म्हणून चित्रं ओळखीची वाटतात.

"पण कावून?" आबाजी खिडकीकडे बघत हळूच म्हणाले. "काढणाऱ्याले काही झालं तर नसेल ना?"

*

'इस्पात सवेरा'चं ऑफिस रेल्वे लाइनपलीकडे सुपेल्याच्या बाजारात होतं, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. गुरुवारी सकाळी तीन सायकली त्या दुकानाखाली लागल्या. निखिलला मिठाईसमोरून ओढून वर न्यायला दोघं लागले.

वर एका टेबलावर पाय टेकवून एक तरुण स्कूटरची किल्ली फिरवत बसला होता. त्याचं नाव बबलू. लेखकांकडून कागद आणणं, जाहिरातींचे नमुने पोहोचवणं हे त्याचं काम.

"भट्टू पुराना है?" तो हसला. "अरे बच्चो, कार्टून तो कार्टून होता है! नया क्या, पुराना क्या!"

"मग कालचा पेपर आज विका ना, भैया!" उन्नती म्हणाली.

आतल्या टेबलापाशी कोणीतरी खुदकन हसलं. तिथे बसलेल्या बाईंनी चष्मा वर केला. "मराठी का रे तुम्ही? या इकडे. मी गोंदियाची. वंदना. हे शेवटचं पान दोन महिन्यांपासून मी बघते."

उन्नतीने यादी पुढे केली. वंदना मॅडमनी ती वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"पंधराही ओळखले?" त्या म्हणाल्या. "खरं सांगते मुलांनो, आमच्याकडे नवं चित्रच नाही. चंपतजी म्हणून एक गृहस्थ हे काढतात. प्लांटमधून रिटायर झालेले. मिलच्या आवाजात त्यांचे कान गेले, म्हणून ते फोन ठेवत नाहीत. दर महिन्याच्या शेवटी बबलू त्यांच्या घरी जातो आणि पुढच्या महिन्याची चित्रं घेऊन येतो. तेहतीस वर्षांची पद्धत आहे. या वेळी गेला, तर तिथे दुसरेच लोक!"

"गाँव चले गए होंगे," बबलू म्हणाला. "बूढ़े आदमी हैं।"

"तुम्ही शोधलं नाही?" पीयूषने विचारलं.

मॅडमनी यादीची घडी घालून ती उन्नतीला परत दिली. "पान रोज भरावं लागतं रे. एक दिवस जुनं लावलं, कोणी काही म्हणालं नाही. मग दुसऱ्या दिवशी लावलं. आता या रविवारी भट्टू बंद करतोय. ती जागा नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासने जाहिरातीला मागितली आहे."

"बंद?" तिघे एकदम ओरडले.

"रविवारचं पान उद्या संध्याकाळी सहाला छपाईला जातं. माझ्या हातात नवं चित्र नाही. मी तरी काय करू?"

भट्टू नाही, अशी एकही सकाळ उन्नतीने पाहिली नव्हती. आबाजी उद्यापरवा कात्री घेऊन बसतील आणि कापायला काय असेल? कोचिंग क्लास? तिने विचारलं, "ते गावाले गेले, हे कोणी सांगितलं? नवा पत्ता नाही दिला त्यांनी?"

"दिया था ना!" बबलूने ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढली. "मार्च में घर बदलने के चक्कर में उनका बेटा ही पैकेट दे गया था। यह उसी में थी।"

ठळक, सरळ अक्षरांत लिहिलं होतं: 'घर बदलले. आता इथून नेणे. सडक ११, क्वार्टर ४-बी. चंपत.'

"मैं गया था ना! सेक्टर दो, सडक ग्यारह, चार-बी। वहाँ कोई पांडेजी निकले।"

उन्नतीने चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "यात सेक्टर कुठे आहे?"

"सेक्टर दो। पहले भी तो सेक्टर दो में ही थे!"

"भैया, आप कहाँ रहते हो?" उन्नतीने एकदम विचारलं.

"मैं? सडक अट्ठाईस।"

"कोणता सेक्टर?"

"सेक्टर छह..." बबलूच्या हातातली किल्ली फिरायची थांबली.

"बघा मॅडम! कोणीच सेक्टर सांगत नाही!" उन्नती टाचा उंचावून बोलू लागली. "मीपण नाही सांगत! आपल्या सेक्टरात राहून राहून सडक आणि क्वार्टर एवढंच तोंडात बसते. ते इतकी वर्षं सेक्टर दोनमध्ये होते. सवयीनं तसंच लिहिलं असणार. सडक अकरा तर सगळ्याच सेक्टरात आहे!"

पीयूषने बहिणीकडे असं पाहिलं, जणू तिला आज पहिल्यांदाच बघतोय. "दुर्गात असं नसते," तो पुटपुटला. "आमच्याकडे मोहन नगर म्हटलं की मोहन नगर."

"बबलू, तू जाऊन बघशील?" मॅडमनी विचारलं.

"बाकी के नौ सेक्टर, मैडम? आज विज्ञापनों का पूरा बंडल बाँटना है!"

मॅडमनी उसासा सोडला आणि एका कागदावर आपला फोन नंबर लिहून दिला. "सापडले तर कळवा. पण उद्या सहाच्या आत. सहानंतर माझंही काही चालत नाही."

*

"दोन सोडून नऊ सेक्टर, नऊ सडक अकरा, नऊ चार-बी," घरी आल्यावर पीयूषने वहीत लिहिलं. "या उन्हात! आपण वाळून कुरडया होऊ."

"तळून खाता येईल," निखिल म्हणाला.

आबाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक गोष्ट सांगतो. अठ्ठ्याण्णव साली महिनाभर भट्टू बांबूच्या परांचीवर चढून राहिला होता. मी विचार करू, कावून? तर तेव्हा सेक्टर दोनमध्ये क्वार्टरांची पुताई, रंगकाम चाललं होतं. तो माणूस खिडकीतून जे दिसते, तेच मागे काढते."

उन्नती ताडकन उठली. "घर मार्चमध्ये बदललं. म्हणजे एप्रिलची चित्रं नव्या खिडकीतली!"

तिघांनी चालू वर्षाचं रजिस्टर उघडलं. मार्चपर्यंत भट्टूच्या मागे नेहमीचं दिसत होतं, पाण्याची उंच टाकी आणि एक वाकडा गुलमोहर. एक एप्रिलपासून दोन्ही गायब! त्यांच्या जागी होता एक गुपचुपचा ठेला.

"पाणीपुरी!" निखिलचे डोळे चमकले.

"असे ठेले शंभर असतील," पीयूष म्हणाला.

"पीयूषदादा, धावू नको. थांबून पाह्य." उन्नतीने चित्रावर बोट ठेवलं. "हा तिरपा आहे. प्रत्येक चित्रात तिरपा आहे. भट्टू वरच्या बाजूला बसते आणि घसरून पाण्याच्या मडक्यात पडते. आता चाकं मोज."

पीयूषने वाकून पाहिलं. तीन चाकं सायकलीची होती, मोठी आणि बारीक. चौथं बुटकं आणि जाड होतं.

"स्कूटरचं चाक!"

त्या संध्याकाळी भिलाईतल्या कुठल्याही गुप्तहेराने केला नसेल असा तपास सुरू झाला. चार, पाच आणि सहा सेक्टरांतले गुपचुपवाले एकेक करून गाठायचे आणि ठेल्याची चाकं बघायची. खाली वाकून चाकं बघणारी मुलं पाहून एक ठेलेवाला घाबरलाच. "क्या गिर गया?" असं म्हणत तोही वाकला आणि त्याच्या टोपलीतल्या पुऱ्या घरंगळल्या. निखिलने त्या गोळा करून दिल्या. सगळ्याच परत दिल्या असं मात्र नाही.

गुरुवार संपला. स्कूटरचं चाक काही मिळालं नाही.

शुक्रवारी चार वाजता ठेले पुन्हा निघू लागले, तसे तिघे पुन्हा बाहेर पडले. डोक्याला ओले रुमाल, हँडलला पाण्याच्या बाटल्या. साडेचारला एका म्हाताऱ्या ठेलेवाल्याने मान हलवली. "स्कूटर का चक्का? वो तो गिरजाबाई का ठेला है। सेक्टर सात, सडक के कोने पर।"

सायकली सुसाट निघाल्या.

गिरजाबाई ठेल्यावर बटाटे कुस्करत होती. ठेला तिरपाच होता. स्कूटरचं चाकही होतं.

"सडक अकरा कोणती?" उन्नतीने धापा टाकत विचारलं.

"इही तो आय बेटी।"

"इथे एक आजोबा राहतात? चित्र काढणारे?"

"चित्तर के तो मोला पता नहीं," गिरजाबाई हात पुसत म्हणाली. "एक बबा रोज खिड़की ले मोर ठेला ला देखत रहिथे। फेर पंद्रा दिन होगे, खिड़की बंद हे।" तिने समोरच्या क्वार्टरच्या बंद खिडकीकडे बोट दाखवलं. रोज तिथून तिचा ठेला बघणारे आजोबा पंधरा दिवसांपासून दिसले नव्हते.

फाटकावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: ४-बी.

*

दार एका मुलीने उघडलं. उन्नतीएवढीच, दोन वेण्या, कपाळावर आठी.

"आम्हाला चंपतजींना भेटायचं आहे."

"आजोबा कोणाला भेटत नाही," ती म्हणाली. ती त्यांची नात, प्रेरणा. "तुम्ही कोण?"

"आम्ही भट्टूकडून आलो," निखिल म्हणाला.

प्रेरणाच्या कपाळावरची आठी आणखी खोल झाली. "पेपरवाल्यांनी पाठवलं का तुम्हाला? आता आठवण आली? आजोबांनी तीस एप्रिलला चित्रं बांधून ठेवली, नवा शर्ट घालून दिवसभर या दारात बसले. कोणीच आलं नाही! बाबा म्हणाले, मी नेऊन देतो, तर आजोबांनी बाबालाही जाऊ दिलं नाही."

"बाई, पत्ता चुकला होता गं!" उन्नती कळवळून म्हणाली. "चिठ्ठीत सेक्टरच नव्हता. ते सेक्टर दोनमध्ये शोधत होते!"

प्रेरणाचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने दार पूर्ण उघडलं.

आत अंधारलेल्या खोलीत एक उंच, बारीक म्हातारे गृहस्थ पलंगावर बसले होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, खिडकीला लागून एक तिरपं टेबल होतं. टेबलावर कापड टाकून ठेवलं होतं.

"कोण पोट्टे हे?" ते मोठ्याने म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे. "वर्गणी मागायले आले का?"

प्रेरणाने पाटीवर लिहून त्यांना दाखवलं: 'भट्टू'.

चंपतजींनी मान फिरवली. "सांग त्यायले, भट्टू संपला. एक तारखेपासून पेपरात जुनं छापून राहिले. तेहतीस वर्षं रोज काढलं मी. आणि कोणाले पत्ता नाही लागला की हे शिळं आहे! कोणाले काही फरक नाही पडला. मंग मी काढू कावून?"

पाटी आता उन्नतीच्या हातात होती. काय लिहावं? सेक्टरचं सांगावं, रविवारचं सांगावं, कोचिंग क्लासचं सांगावं? तिने पेन्सिल उचलली, मग थांबली. तिने पाटी बाजूला ठेवली, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तो त्यांच्या हातात दिला.

ती यादी होती. आता तिच्यात सतरा ओळी झाल्या होत्या. 'एक मे: दि. ३ जून १९९७चे चित्र. दोन मे: दि. २२ एप्रिल २०१४चे चित्र, कान फाटका. तीन मे...'

चंपतजी वाचत गेले. एक ओळ, दुसरी ओळ. त्यांचं बोट कागदावरून सावकाश खाली उतरत होतं. शेवटच्या ओळीपाशी ते थांबलं आणि तिथेच राहिलं.

"या तारखा कुठून आणल्या?"

"आमच्या आबाजींकडे सगळे भट्टू आहेत," उन्नतीने आता लिहिलं. "सन एक्याण्णवपासून. चिकटवलेले."

"सगळे?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्याकडे तर एकही नाही. कागद पेपरात गेला की परत येत नाही. मी नुसता काढत गेलो..." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "आणि हे कोणी ओळखलं? कान?"

निखिल आणि पीयूष दोघांनीही उन्नतीकडे बोट दाखवलं.

मग प्रेरणाने पाटीवर सेक्टरची भानगड लिहिली. चंपतजींनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि कपाळावर एवढ्या जोरात हात मारला, की निखिल दचकला. "सेक्टर लिहिलाच नाही म्या! बापा रे! सारी जिंदगी सडक सतरा, सडक सतरा करत राहिलो!"

ते हसायला लागले. पण पीयूषने घड्याळाकडे बोट दाखवलं, तसं हसू थांबलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मेची चित्रं तयार आहेत. टेबलाखाली," चंपतजी म्हणाले. मग त्यांनी हाताची घडी घातली. "पण मी त्यायच्या दारी नेऊन देणार नाही. तुमच्या हातीही देणार नाही. तेहतीस वर्षं पेपरचा माणूस माझ्या दारी आला. आताही येईल, तर भट्टू जाईल."

आता आली का पंचाईत! उन्नतीला त्यांचा रागही आला आणि पटलंही. जो माणूस नवा शर्ट घालून दिवसभर दारात बसला, त्याच्याकडे कोणी यायला नको का?

पीयूषने आतून बाहेर आलेल्या प्रेरणाच्या आईचा फोन मागून घेतला आणि नंबर फिरवला.

"मॅडम, सापडले! सेक्टर सात! तुम्ही या!"

"अरे वा! पण आता पाच वाजले रे," पलीकडून घाईचा आवाज आला. "पान लागतंय. मी निघू शकत नाही. सोमवारी पाठवते बबलूला."

"सोमवारी भट्टू कुठे असेल?"

"मी कळवते हं..."

"ठीक आहे मॅडम," पीयूष अचानक फार गोड आवाजात म्हणाला. "आमच्याकडे सतरा दिवसांची यादी आहे, तारखेसकट. आम्ही ती 'वाचकांची पत्रे'मध्ये पाठवतो. तुमच्याच पेपरात. आणि आमचे आबाजी रोज सकाळी पार्कात चाळीस रिटायर लोकांबरोबर बसतात. ते सगळे त्याखाली सही करतील."

तिकडे मॅडम खो-खो हसल्या.

"तुझं नाव काय रे?"

"पीयूष."

"पीयूष, ते पत्र लिहू नकोस. मी येते. पत्ता सांग."

"सडक अकरा, चार-बी," पीयूष म्हणाला आणि फोन ठेवणार, एवढ्यात बाकीचे तिघे मिळून ओरडले, "सेक्टर!"

"सेक्टर सात, मॅडम! सेक्टर सात!"

पाच पस्तीसला बबलूची स्कूटर दाराशी थांबली. मागे वंदना मॅडम, केस विस्कटलेले, ओढणी खांद्याला गुंडाळलेली. चंपतजी तोवर शर्ट बदलून दारात येऊन उभे होते. मॅडमनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि प्रेरणाच्या पाटीवर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'आम्ही शोधायला हवं होतं. चूक झाली.'

"चूक माझीही आहे," चंपतजी म्हणाले आणि त्यांनी सुतळीने बांधलेला मोठा लिफाफा पुढे केला. मॅडमनी तो दोन्ही हातांनी घेतला. तिथल्या तिथे फोन काढून त्या म्हणाल्या, "रविवारचं शेवटचं पान थांबवा. नाही, जाहिरात आत कुठेही टाका. भट्टू येतोय!"

"बाबूजी," बबलू मान खाली घालून म्हणाला, आणि त्यांना ऐकू येत नाही हे आठवून त्याने स्वतःचे दोन्ही कान धरले.

चंपतजींनी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. तो रागाचा नव्हता हे सगळ्यांनाच कळलं.

*

रविवारी सकाळी कोणालाही ओरडावं लागलं नाही. पेपर फाटकात पडायच्या आधीच तिघे फाटकाशी उभे होते. शेवटच्या पानावर भट्टू होता, नवाकोरा. त्याच्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या: 'गेले अठरा दिवस आम्ही जुनी चित्रे छापली. ही चूक उन्नती, पीयूष आणि निखिल या वाचकांनी दाखवून दिली. त्यांचे आभार.'

"माझं नाव शेवटी कावून?" निखिलने विचारलं. पण दिवसभर त्याने तो पेपर कोणाच्या हाती दिला नाही.

दुपार कलल्यावर आबाजींनी स्कूटरच्या पायदानावर चार रजिस्टरं रचली आणि सगळी वरात सेक्टर सातला गेली. दोन म्हातारे एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होते. एक मोठ्याने बोलायचा, दुसरा पाटीवर लिहायचा. तेहतीस वर्षं ते एकमेकांना रोज सकाळी भेटतच होते म्हणा!

चंपतजींनी एक्याण्णव सालचं पहिलं पान उघडलं आणि डोळे विस्फारले. "अरे, हा बोका आहे की उशी? कसे पाय काढले मी! चार खिळे ठोकल्यासारखे!"

"आमाले तेव्हाही आवडला होता," आबाजींनी लिहिलं.

चंपतजी बराच वेळ पानं उलटत राहिले. कुठे हसले, कुठे नुसतेच बघत बसले. मग त्यांनी रजिस्टर मिटलं आणि उन्नतीला जवळ बोलावलं.

"हसणारे लोक मले पुष्कळ भेटले पोरी. रस्त्यात थांबवून सांगतात, खूप हसलो म्हणून. पण इतकं बारीक कोणी पाहिलं नव्हतं. केवलरामजी, तुमची नात डोळ्यांनी हुशार आहे!"

आबाजींची छाती अशी फुगली, की पीयूषने निखिलला कोपराने ढोसलं.

"नुसतं पाहून होत नाही पण," चंपतजी म्हणाले. त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावरचं कापड ओढून काढलं, कोरा कागद पसरला आणि पेन्सिल उन्नतीच्या हातात दिली. "बस इथं. मांजराचा मागचा पाय काढ. सगळ्यात कठीण तोच असते."

उन्नती बसली. तिने जीभ दाताखाली धरून पाय काढला. निखिलने वाकून पाहिलं. "हे टेबल आहे का?"

सगळे हसले. प्रेरणा तर पोट धरून हसली. उन्नतीचे कान लाल झाले. चंपतजींना हसण्याचा आवाज ऐकू आला नव्हता, पण त्यांनी चित्र पाहिलं आणि मान डोलवली.

"चांगलं आहे. माझ्या पहिल्या पायापेक्षा चांगलं आहे," ते म्हणाले. "आता मांजर बसताना तो पाय कुठं मुडपते, ते आठव. घाई करू नको."

उन्नतीने डोळे मिटले, आठवलं आणि दुसरा पाय काढायला घेतला.